सालीची पारख

देवयानीने काउंटरवरची दालचिनीची साल उचलून नाकाशी धरली, डोळे मिटले आणि "वा!" म्हणाली. वास कसला, काहीच आला नव्हता. सहा महिन्यांत हे नाटक तिला झकास जमायला लागलं होतं.

२००४च्या मार्चमध्ये हायवेवर गाडी ठोकली गेली, डोक्याला मार बसला आणि तिला वास येणंच बंद झालं. परत येईल किंवा नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणाले. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलची मराठी मंडळी तिच्या गोड्या मसाल्यावर जीव टाकत. गणपती आठ दिवसांवर आले होते, दोनशे माणसांचा मसालेभात तिच्याकडे होता आणि मसाला कधी उतरवायचा हे तिला आजवर नाकच सांगायचं. सकाळी पहिल्याच घाण्याचे धणे जळून कोळसा झाले. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे तिला कळलं. तिला रडू कोसळलं.

सॅन होजेतल्या या दुकानाच्या मालकीणबाई म्हणजे सत्तरीच्या लिएन आंटी. व्हिएतनामी दालचिनीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. माल त्यांच्या माहेरच्या डोंगरातला, जुन्या झाडांचा. मोठमोठे शेफ त्यांच्यासमोर मुकाट उभे राहत. आंटी साल कानाशी धरून मोडत, आतून नख ओढून तेल बघत, कण जिभेवर ठेवत आणि निकाल देत. ही रश्शाला, ही मटणाला, ही खिरीला. कधी चुकल्या नाहीत. नाक असावं तर असं, असं देवयानीला दर वेळी वाटे.

"खोटं बोलतेस," आंटी म्हणाल्या. "ती साल चार वर्षं शोसाठी उन्हात पडलीये. तिला वास उरलेलाच नाही."

देवयानीचा चेहरा उतरला. मग तिने सगळं भडाभडा सांगून टाकलं. "संपलं आंटी. गणपतीचं जेवण बघणाऱ्या उल्काला फोन करते, मसाला कॅन्सल म्हणून."

आंटींनी धीर वगैरे काही दिला नाही. त्यांनी आतून एक जाड, काळसर साल आणली आणि कडकन मोडली. "आवाज ऐकलास? आता हे जिभेवर ठेव."

देवयानीने कण ठेवला. आधी साखरेसारखा गोडवा आला, मागोमाग चटका, पार टाळूपर्यंत. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडात काहीतरी घडलं होतं. आनंदाने तिने लगेच दुसरा कण उचलून जिभेवर ठेवला.

मग तासभर आंटींनी तिला मागच्या शेगडीपाशी उभं केलं. लवंग किती फुगली की काढायची, धण्यांची तडतड कधी मंदावते, भाजलेली साल बोटांत कशी चुरते, सगळं डोळ्यांनी, कानांनी, बोटांनी. देवयानीने तिथेच धणे भाजून दाखवले. एकही जळला नाही.

"पण आंटी, तुमचं नाक तर शाबूत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला हे सगळं शिकायची काय गरज पडली?"

आंटी तवा पुसत होत्या.

"वास गेला एकोणऐंशी साली, देश सोडून येताना, बोटीत, तापाने," त्या म्हणाल्या. "दुकान काढलं सत्त्याण्णव साली."