घोंगडी लावलेली गाडी

“आता बोल,” सुग्रीव म्हणाला आणि त्यानं आपल्या बाजूची काच वर केली.

त्याची बायको कडूबाई पायाखाली बघत होती. तिथं नेहमीचा उघडा पत्रा नव्हता, काळी घोंगडी होती. पाय भाजत नव्हते, त्यामुळे ते ठेवायचे कसे हेच तिला कळेना.

ही डिझेलची अ‍ॅम्बेसेडर मालकांची, सुंदररावांची. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे सुग्रीवला, देऊन टाकली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती सुरू झाली की तलवाड्यातली कुत्री आपणहून उठून बाजूला जात. इंजिनाची सगळी धग डाव्या बाजूच्या पायांवर यायची, म्हणजे कडूबाईच्या. एका उन्हाळ्यात तर तिच्या चपलेचा तळ पत्र्याला चिकटला होता. पण सुग्रीवचं खरं भांडण धगीशी नव्हतं, आवाजाशी होतं.

घरात दोघांना बोलायला मिळायचं नाही. जावा, पुतणे, सुना, पोरंसोरं. ‘जेवायला चला’ हासुद्धा निरोप दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायचा. दोघंच दोघं असायची ती फक्त गाडीत, वडवणीला लेकीकडं, धनश्रीकडं जाताना. आणि गाडीत कडूबाई बोलायची. खिडकीतून बाहेर बघत, वाटभर तिचे ओठ हलत असायचे. मधूनच हसायची. सुग्रीवला इंजिनाशिवाय काही ऐकू यायचं नाही. गाडी थांबवून विचारलं, की म्हणायची, “काय न्हाई. लई गरम होतंय म्हणलं. कावून थांबलाव?”

गरम होतंय हे सांगायला वडवणीपर्यंत वेळ लागत नाही. आणि गरम होतंय म्हणून कुणी हसत नाही.

तशी ती जुन्या वळणाची. लग्नातला उखाणा सोडला, तर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडातून कधी बाहेर पडलं नव्हतं. बँकेत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा ‘वालीचा धाकटा भाऊ’ असं सांगून गप्प बसली होती. साहेबाला रामायण येत नव्हतं, शेवटी धनश्रीला मध्ये पडावं लागलं. जीभ एवढी सांभाळणारी बाई गाडीत बसल्यावर काय बोलत असेल, हे सुग्रीवला एकदा ऐकायचं होतं. शिव्या असल्या तरी चालल्या असत्या.

म्हणून या उन्हाळ्यात त्यानं गाडीतल्या सगळ्या सीटा काढून ओट्यावर मांडल्या. पत्र्याचा गंज खरवडला. पायाजवळची भोकं बुजवली. डांबरी शीट तापवून तळाला चिकटवली, वर चंदेरी कागद लावला. दारांना नवी रबरी पट्टी बसवली. मग मेंढरं राखणाऱ्या गहिनीनाथाकडं जाऊन घोंगड्या मागितल्या. माणसाला पाहिजेत का गाडीला, असं गहिनीनाथानं विचारलं, आणि गाडीला म्हटल्यावर पोट धरून हसला. तरी दिल्या मात्र चांगल्या जाड विणीच्या. थंडी अडवते ती घोंगडी ऊनही अडवते, एवढं गहिनीनाथाला ठाऊक होतं. थोरली जाऊ साखराबाई येता-जाता विचारायची, गाडीला ताप आलाय का. सुग्रीव बोनेटखाली डोकं घालून हसायचा.

गाडी गप्प झाली. इतकी गप्प, की कडूबाईनं पदर सारखा केला तर बांगड्या वाजल्या आणि ती स्वतःच दचकली. गाडीत मेंढरांचा मंद वास होता. गाव मागं पडलं. कडूबाईचे ओठ एकदा हलले. तिनं हळूच सुग्रीवकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. नंतर कितीतरी वेळ दोघं पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखी बसून राहिली.

“गुदमरल्यावानी होतंय,” ती शेवटी म्हणाली आणि तिनं काच खाली केली.

वारा आत घुसला, त्याच्यामागून ट्रकांची घरघर. सुग्रीवची सगळी उन्हाळाभराची मेहनत त्या काचेतून बाहेर गेली. कडूबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं, आणि तिचे ओठ पुन्हा हलायला लागले. जे काय होतं ते तिनं वाऱ्याला सांगितलं. सुग्रीवला वाईट वाटलं. वाईट वाटलं की त्याचा पाय जड होतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. गाडी पळायला लागली. वडवणीच्या अलीकडं वळणावर रस्ताभर मेंढरं होती.

“सुग्रीव, ब्रेक दाब की रे.”

ब्रेक लागला. गाडी हिसका खाऊन थांबली, इंजिन बंद पडलं. मेंढरं दोन्ही बाजूंनी अंग घासत निघून गेली. मागून एक लंगडं कोकरू गेलं. मग रस्त्यावर कुणीच उरलं नाही.

ती ओरडली नव्हती. नाव पहिल्यांदा घेतल्यासारखं अडखळलंही नव्हतं. वर्षानुवर्षं वापरून हातातलं लाटणं गुळगुळीत होतं, तसं ते गुळगुळीत होतं. इतक्या वर्षांचं वडवणीपर्यंतचं बोलणं कुणाशी चाललं होतं, ते सुग्रीवला आत्ता कळलं. कडूबाईनं तोंडाला पदर लावला होता. तिचे कान लाल झाले होते.

सुग्रीवनं हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत, बंद पडलेल्या गाडीत बसून तो म्हणाला, “लई आवाज हाय बग अजून गाडीत. काय म्हणलीस, आइकू आलं न्हाई.”

कडूबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं हँडल फिरवून आपल्या बाजूची काच पार वरपर्यंत नेली, आणि त्याचं नाव घेतलं.