गंगव्वाचे गुडघे

थोरल्या लेकीचं, नीलाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे १९६१ च्या वैशाखात, मांडवाचे बांबू अजून दारात पडलेले असताना कल्लाप्पाच्या संडासातलं भांडं फुटलं. हातातला पितळी तांब्या निसटून आपटला, असं त्याने घरात सांगितलं. तांब्या पडला होता हे खरं. पण त्याच्या आधी कल्लाप्पा पडला होता.

उठताना पायांत जीवच राहिला नाही. भिंत धरायला गेला तर ओल्या गिलाव्यावरून हात सरकला. आतून कडी होती. बाहेर लग्नाचे उरलेले पाहुणे हसत-बोलत होते. हाक मारावी असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा त्याने दात आवळले. शेवटी कोपर टेकत, दाराच्या फळीला धरून तो कसाबसा उभा राहिला. नवं भांडं येईपर्यंत घरची माणसं शेजारी सोयराबाईकडे जात. तिथे कल्लाप्पा कडी लावत नसे. मग कोणी दार ढकलील ही भीती वेगळीच.

कल्लाप्पा फरशी बसवणारा गवंडी. चामराजपेटेतल्या कितीतरी घरांच्या फरश्या त्याच्या हातच्या. उकिडवं बसणं हाच त्याचा धंदा. त्याच्या जोडीच्या रघुपतीला एकदा कामावर उठताना कोणीतरी हात दिला होता. आठ दिवसांत ती गोष्ट सगळ्या मेस्त्रींच्या कानांवर गेली. आता रघुपती देवळाबाहेर चपला सांभाळत बसतो. कल्लाप्पा अजून निभावून नेत होता. फरशी बसवत बसवत दारापर्यंत मागे सरकायचं आणि चौकट धरून उठायचं. हे कोणाला ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही, असं तो धरून चालला होता.

भांडं आणायला तो मार्केटकडे निघाला तर गंगव्वा पदर खोचून बरोबर आली.

"भांड्यातलं तुला काय कळतं?"

"जन्मभर घासतंय कोण?" ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दुकानात परसू मेस्त्री आधीच चहा पीत बसला होता. गावाबाहेर नवं इस्पितळ उभं राहत होतं. तिथल्या फरशीला परसू माणसं निवडत होता. दोन वर्षांचं काम.

दुकानदाराने दोन भांडी पुढे ओढली. एक बैठं, पाय ठेवायच्या खाचांचं. दुसरं इंग्रजी, खुर्चीसारखं. कल्लाप्पाची नजर खुर्चीवर गेली आणि चोरी केल्यासारखी परत आली.

"संडास केवढा?"

"तीन बाय चार."

"मग बैठंच सरी, तेच बरं. स्वल्प जागा लागते."

परसूने चहाची बशी खाली ठेवली. "अण्णा, पावलांचं अंतर बघ. बसून बघ की एकदा."

"घरी बसणारच आहे की."

"नव्या नवरीगत लाजतोस काय? जन्म उकिडवा गेला तुझा. बस."

धरायला आजूबाजूला काही नव्हतं. सगळीकडे चिनीमातीची भांडी एकावर एक रचलेली. नाही म्हणावं तर परसूच्या डोळ्यांत संशय येणार. बसावं तर उठताना तोच हात देणार. कल्लाप्पाने धोतर सावरलं. एक पाय खाचेवर ठेवला. दुसरा ठेवला. मांड्या आत्ताच थरथरत होत्या. मानेवरून घाम पाठीत उतरला. त्याला रघुपतीच्या पुढ्यातल्या चपला दिसल्या.

"त्यांनी बसून काय उपयोग?" मागून गंगव्वा म्हणाली. "माझे गुडघे गेलेत. मला उकिडवं बसवत न्हाई. ती खुर्ची घ्या."

परसू मोठ्याने हसला. "अक्का, राणीगत बसणार म्हणा की."

"बसणार. लेक उजवली, आता बसूनच राज्य करायचं."

कल्लाप्पाने पाय मागे घेतले. "बाईमाणसाचे नखरे," तो पुटपुटला. त्याचा आवाज कापत होता, पण परसूला तो राग वाटला.

"घेऊन टाक बाबा, घरात भांडण नको," परसू म्हणाला. "आणि सोमवारी इस्पितळावर ये."

खुर्ची त्या खोलीत जेमतेम बसली. दार बाहेर उघडेल असं फिरवावं लागलं. पहिल्या दिवशी कल्लाप्पाने आतून कडी लावली आणि तिथेच डोळे मिटून बराच वेळ बसून राहिला. बायकोचं दुखणं आपल्या पथ्यावर पडलं, याची त्याला लाज वाटली.

आळीतल्या बायका गंगव्वाला सिंहासनवाली म्हणू लागल्या. ती रागावली नाही. चार माणसांत उठताना ती गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणायची. दारातली रांगोळी आता सोयराबाईच काढून देते, असं तिने घरात सांगितलं. कल्लाप्पाची स्वतःच्या पायांची भीती गेली, ती तिच्या पायांची लागली. पायरी आली की तो तिचं कोपर धरायचा. ती धरू द्यायची. सकाळी कामावर निघताना तो रांगोळी ओलांडायचा आणि म्हणायचा, "सोयराबाईचा हात सुबक आहे हो."

"हं. बरी काढते," गंगव्वा म्हणायची.

गंगव्वा १९६६ साली संक्रांतीच्या पहाटे वारली. दाराशी उकिडवी बसलेली, चिमटीत रांगोळी, आणि पुढ्यातले एकवीस ओळींचे ठिपके सगळे जोडून झालेले.