चावीचं नवं कव्हर

सांबप्पाने गाडीच्या चावीचं जुनं कव्हर सुरीच्या टोकाने उचकटलं आणि आधी इकडेतिकडे पाहून घेतलं. पालमच्या त्या घराच्या ओसरीवर फक्त मल्लम्मा होती, तूर निवडत. बायकोवर त्याचा भरोसा होता, निदान सकाळच्या वेळी तरी.

कव्हर पार झिजलं होतं. बटणांचं रबर फाटलेलं, दोन्ही अर्धी रबरबँडने बांधलेली. चावीवाल्याने हे काम चुटकीसरशी केलं असतं. पण चावी त्याच्या हातात दिली की तो गुपचूप दुसरी पाडून ठेवणार, हे सांबप्पाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने कव्हर ऑनलाइन मागवलं आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून स्वतःच मांडी घालून बसला.

पातं निघालं, बटणांची हिरवी पट्टी निघाली, बॅटरी निघाली. सगळं नव्या कव्हरात नीट बसलं. मग जुन्या कव्हराच्या कोपऱ्यात त्याला तुरीच्या दाण्याएवढा एक काळा ठोकळा दिसला. ना त्याला तार, ना टाका. खाचेत नुसता चिकटवलेला. व्हिडिओतल्या माणसाची गाडी वेगळी होती, त्याने असल्या ठोकळ्याचं नावही काढलं नव्हतं.

सांबप्पाच्या आजीने हे पाहिलं असतं तर भानामती म्हणून बोंब ठोकली असती. सांबप्पा शिकलेला होता. तो म्हणाला, जीपीएस.

"अगं, ही चावी शंभूकडं जास्ती असती का माझ्याकडं?"

"ज्याला गाडी लागती त्याच्याकडं," मल्लम्मा मान वर न करता म्हणाली. "काय इचारायलाव असं?"

शंभुराज त्याचा धाकटा भाऊ. दोघांचं घर एक, बियाण्याचं दुकान एक आणि गाडीही एक. मागच्या आठवड्यात सांबप्पा गंगाखेडला जातो म्हणून निघाला आणि सोनपेठला गेला. तिथे तो एक गाळा बघत होता, एकट्याच्या दुकानासाठी. हे त्याने बायकोलाही कळू दिलं नव्हतं. आणि त्याच रात्री ताटावर शंभुराज भाकरी मोडत म्हणाला होता, "काय दादा, सोनपेठला काय काम काढलं व्हतं?" लपवत होता सांबप्पा आणि राग येत होता शंभुराजचा. संशयी माणसाचा हिशेब असाच असतो.

त्याने ठोकळा अडकित्त्यात धरला आणि दात खाऊन दाबला. सुपारीसारखे दोन तुकडे झाले. त्याला फार बरं वाटलं.

"शंभूला कसं कळलं गं, मी सोनपेठला गेल्तो ते?"

"पेढ्याच्या पुड्यावर दुकानाचं नाव व्हतं की सोनपेठचं. तुमीच तर आणलाव."

सांबप्पाने अडकित्ता आणि ते दोन तुकडे हळूच पानाच्या डब्यात सरकवले.

तेवढ्यात शंभुराज आपल्या मुलीला, त्रिवेणीला घेऊन बाहेर आला. पोरीच्या हातात पॅड आणि पाण्याची बाटली. आज तिची नर्सिंगची प्रवेशपरीक्षा, परभणीला. शंभुराजने नव्या कव्हरातली चावी उचलली, उलटसुलट पाहिली आणि कौतुकाने हसला. "लय झकास झाली, दादा."

गाडी गुरगुरली आणि बसली. पुन्हा गुरगुरली, पुन्हा बसली. स्टेअरिंगमागे चावीचं लाल चित्र लुकलुकत राहिलं.

"दादा, चिप टाकली का नव्या कव्हरात? काळी, बारकी असती बगा. तिच्याबिगर गाडी चालू व्हत न्हाई."

"तुला कसं ठाव?" अजूनही सांबप्पाच्या तोंडून हेच निघालं.

"गाडी घेतली तवा शोरूमवाल्यानंच सांगितलं की. तुमी तवा चाकाखाली लिंबं ठिवायले व्हते."

सांबप्पाने डबा उघडून तुकडे दाखवले. शंभुराजने ते पाहिले, मग अडकित्ता पाहिला. "दुसरी चावी असती तर भागलं असतं," तो स्वतःशीच पुटपुटला. "नेमकी तीच हरवली."

ती हरवली नव्हती. गाडी घरी आली त्याच आठवड्यात सांबप्पाने ती उचलून ठेवली होती, उद्या वाटण्या झाल्याच तर असावी हाताशी म्हणून. घरात सांगितलं, दुकानात कुठंतरी पडली. तेव्हा शंभुराजने बियाण्याचं एकेक पोतं हलवून पाहिलं होतं आणि सांबप्पा गल्ल्यावर बसून "राहू दे रे आता" म्हणत होता.

"एसटी तर गेली," शंभुराज म्हणाला. "कुणाची गाडी मिळती का बगतो."

"पप्पा, एकदा फाटक लावलं की आत घेत न्हाईत," त्रिवेणी म्हणाली. तिने काकाकडे पाहिलंही नाही. नजर रस्त्यावर, ओठ घट्ट मिटलेले. पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली ही पोर सांबप्पाने कितीदा पाहिली होती. गप्प बसलं तर वर्ष तिचं जाणार होतं. बोललं तर काय जाणार, ते त्याला सांगता आलं नसतं.

तो आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत शोरूमची प्लास्टिकची पिशवी होती, तोंड अजून न फोडलेली.

मल्लम्माचा हात सुपात थांबला.

शंभुराजने पिशवी दातांनी फाडली. कोऱ्या बटणांची चावी बाहेर आली. त्रिवेणी झटकन बसली आणि गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. सांबप्पा पुढे होऊन म्हणाला, "सावकाश जावा रे."

शंभुराजने काच खाली केली. आवाजात राग नव्हता, तो असता तर सांबप्पाला सोसला असता.

"आल्यावर ही कुठं ठिवू, दादा? जिथं हरवली व्हती तिथंच?"