हाय म्हणली

जीप आष्टीजवळच्या एका पडीक रानात थांबली. चेअरमन विठ्ठलरावांनी मिनोरीला मानानं खाली उतरवलं, टाचेनं एक ढेकूळ फोडलं आणि विचारलं, "मॅडम, हितं पाणी हाय का?"

मिनोरी कमरेत वाकली. समोरच्याचं बोलणं कानावर आलं, एवढं सांगायलासुद्धा जपानी माणूस 'हाय' म्हणतो. तीही म्हणाली, "हाय."

"हाय म्हणली," विठ्ठलराव मागच्या सभासदांना म्हणाले. "वाकून जमिनीचा कानोसा घेतला, बघितलं न्हवं?"

बोअरचं मशीन आलं. दिवसभर नुसता फुफाटा उडाला.

मिनोरी आली होती सहकारी साखर कारखान्याच्या शाळेतल्या मुलींना बेसबॉल शिकवायला. तिकडं जपानात ती एका संघातून खेळायची, पण मैदानाच्या इतक्या लांबच्या कोपऱ्यात, की तिच्या शेजारणीलाही त्याचा पत्ता नव्हता. तिला तेच बरं वाटे. सोबतचा दुभाषा पुण्याचा. ऊन लागलं आणि तो आल्या पावली परत गेला. मागं उरलं संचालक मंडळ. दुष्काळानं कारखान्याचं धुराडं गार पडलेलं, आणि जपानी माणूस म्हणजे इंजिनियरच, त्याला जमिनीखालचं पाणीही कळणारच, हा ठराव मंडळानं मनातल्या मनात एकमतानं मंजूर केलेला.

दुसऱ्या रानात तिनं हात हलवून ठाम नकार दिला. जपानीत नकाराला 'इइए' म्हणतात. विठ्ठलरावांना 'ये, ये' असं ऐकू आलं.

"गप रहा रे," ते हळूच म्हणाले. "बाई पाण्याला हाका मारती."

तिथंही मशीन लागलं. तिथंही फुफाटा.

निघून जावं म्हटलं तर गेस्टहाऊसचा वॉचमन सटवा फाटकात हात जोडून आडवा यायचा. पाहुणीला उन्हात पायी सोडायचं नाही, असा चेअरमनसाहेबांचा हुकूम होता. रोज नवी शाल, नवा नारळ, नवं रान. सुटका म्हणावी ती एकच, संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर मुलींबरोबर घालवलेला वेळ. मुलींचा पुण्यातला पहिला सामना तोंडावर आला होता.

आणि एके दिवशी जीप त्या मैदानावरच येऊन उभी राहिली. पाठोपाठ मशीन. तालुक्यात आता भोक पाडायचं राहिलेली तेवढीच जागा होती.

सभासद चिडलेले होते. आश्रुबानं तोंडावरच विचारलं, या बाईच्या नादानं अजून किती रानं उकरायची? विठ्ठलराव म्हणाले, शेवटचं विचारतो, मग बाईला पोचवून देऊ.

मिनोरीला बोलणं कळलं नाही, पण मशीन कळलं. मुली बॅट छातीशी धरून बांधावर उभ्या होत्या.

एक शब्द मात्र तिनं कमावला होता. स्वयंपाकाच्या भामाबाईंनी ताटात चौथी भाकरी टाकताना तो तिच्याकडून घोटून घेतला होता. तो म्हटला की भाकरी थांबायची.

"मॅडम, हितं पाणी हाय का?"

मिनोरी या वेळी वाकली नाही. विठ्ठलरावांच्या डोळ्यांत बघून, बीडच्या मातीतला तो शब्द तिनं खणखणीत उच्चारला.

"न्हाई."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं म्हणणं लोकांना समजलं होतं. तिला एकदम हलकं वाटलं. बांधावरच्या मुली हसल्या.

विठ्ठलरावांचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला.

"आश्रुबा," ते म्हणाले, "बाई हाय म्हणली तिथं समदं कोरडं निघालं. लावा मशीन."