बिनटेबलाची सुनावणी

सकाळी अकरा वाजता साहेबांना आत बोलावलं.

त्याआधी बराच वेळ ते मुलीच्या गाडीत बसून होते. समोर संस्थेची दुमजली इमारत होती. खिडक्यांत कपडे वाळत होते.

"घर सोडलं तो दिवस सांगायचाय म्हणे," मुलगी म्हणाली. "काय सांगणार, बाबा? तुमच्या दर बदलीला सामान ट्रकनं जायचं आणि आपण मागून गाडीत, सँडविच खात. आई तर कुंड्यासुद्धा मोजून उतरवून घ्यायची."

"बघू."

"बघू काय? अजूनही घरी जाता येईल. तुम्हाला ते लोक हो म्हणतील असं खरंच वाटतं?"

"तू इथंच थांब," साहेब म्हणाले आणि उतरले.

मुलीचं काही चुकत नव्हतं. नोकरीत असताना साहेब आश्रय मागणाऱ्यांच्या अर्जांवर सुनावणी घेत. कोणाला देशात ठेवायचं आणि कोणाला परत पाठवायचं, हे तेच ठरवत. निवृत्तीनंतर चांगल्या चांगल्या मंडळांची बोलावणी आली. ती त्यांनी नाकारली. निर्वासितांच्या या संस्थेचा विश्वस्त होण्यासाठी मात्र त्यांनी स्वतःहून अर्ज केला. का, ते घरी कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

अध्यक्षबाई जिन्यात भेटल्या. "तुमचं नाव कळल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटताहेत," त्या हसत म्हणाल्या. "पण पद्धत सगळ्यांना सारखी. माझीही अशीच परीक्षा झाली होती."

पद्धत साधी होती. विश्वस्त कोणाला करायचं, याचा शेवटचा शब्द तिथं आश्रयाला आलेल्यांचा. त्यांच्यातली तीन माणसं बसत. त्यांना सुनावणीत जे विचारलं गेलं होतं, तेच ती उमेदवाराला विचारत. कागद नाही, साक्षीदार नाही. ऐकून झालं की प्रत्येकानं एकच शब्द बोलायचा : खरं किंवा खोटं. एकाचंही 'खोटं' आलं, तर उमेदवारानं घरी जायचं.

खोलीत चार खुर्च्या होत्या. टेबल नव्हतं. घड्याळ नव्हतं. कोणाच्या हातात पेन नव्हतं. समोर एक बेकरीवाला, एक गवंडी आणि एक सुईण बसली होती. अध्यक्षबाई दाराशी उभ्या राहिल्या. हात कुठे ठेवावेत, ते साहेबांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले.

"घर सोडलं तो दिवस सांगा," बेकरीवाला म्हणाला.

साहेबांनी सांगितलं. ते तेव्हा तरुण होते. पहाटे गल्लीच्या टोकाला आग लागली. माणसं दारं ठोठावत येत होती. कोणत्या दारावर थांबायचं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. धाकट्या भावाला घेऊन ते अंधारातच मागच्या भिंतीवरून उतरले. शेजारी अंगणात पालथा पडला होता. त्याच्या अंगात हिरवा शर्ट होता. नाल्यापर्यंत भाऊ बरोबर होता. नाल्यापलीकडे नव्हता.



"भिंतीवरून उतरलात तेव्हा अंधार होता म्हणालात," गवंडी म्हणाला. "मग शर्टाचा रंग कसा दिसला?"

एवढ्याशा प्रश्नानं अर्ज कसा कोसळतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"माहीत नाही," ते म्हणाले. "पण हिरवा होता."

गवंड्यानं मान डोलावली. "मला आमच्या दारातली बादली दिसते. तिथं बादली नव्हतीच, असं बायको म्हणते."

"आमच्या सुनावणीच्या साहेबांना हे सांगून बघायचं होतंस!" बेकरीवाला म्हणाला आणि तिघंही थोडं हसले. हसण्यात विखार नव्हता. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर ते अशा खोल्यांत बसले होते आणि ऐकणं म्हणजे काय, हे आज पहिल्यांदा बघत होते. या माणसांना घाई नव्हती. ती चूक शोधत नव्हती. बोलणारा जिथं अडे, तिथं ती त्याच्यासाठी थांबत होती.

सुईणीनं आतापर्यंत काही विचारलं नव्हतं. आता ती पुढे झुकली.

"भावाच्या पायात काय होतं?"

"एका पायात चप्पल," साहेब म्हणाले. "दुसरा पाय उघडा."

तिनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले.

"झालं," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. "आता एकेक शब्द."

"खरं," बेकरीवाला म्हणाला.

"खरं," गवंडी म्हणाला.

सुईण साहेबांकडे बघत होती. खाली रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"खरं," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी सुस्कारा सोडला. "अभिनंदन, साहेब. आमच्यात या."

साहेबांचे डोळे भरले होते. एवढ्या मोठ्या मनाची माणसं त्यांनी पाहिली नव्हती. काहीतरी बोलायला हवं होतं. ते सुईणीकडे वळले.

"अंधारातला शर्ट, नाल्यावरचा भाऊ... एकही पुरावा नाही. तरी तुम्ही मानलंत. तुमच्या जागी मी असतो, तर विश्वास ठेवला नसता."

"नव्हताच ठेवला तुम्ही," सुईण म्हणाली. "तुम्हाला हे सांगणारा माझा नवरा होता."