कंपनी वेगळी, तू वेगळा

"विमा नंतर काढतो," वेस्टन म्हणाला. "आधी गवत कापायचं यंत्र घेऊ द्या, बाई. बसून चालवायचं मिळतंय. जुनं आहे, पण इंजिन ठणठणीत. एप्रिल तोंडावर आला. गवत काय माझ्या विम्यासाठी थांबणार आहे?"

"मग वाढू दे गवताला," आर्डिथ म्हणाली.

गावच्या लायब्ररीत, मासिकांच्या कपाटामागच्या टेबलाशी ती मंगळवारी बसायची. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणाला घरी केक करून विकायचे असत, कुणाला कुत्री सांभाळायची असत. त्यांना कायद्याची आणि पैशाची वाट दाखवायची, तीही फुकट. ओहायोत असला सल्ला वकिलाकडे घ्यायला गेलं तर धंद्याआधीच खिसा रिकामा होतो.

वेस्टन प्रुइट फेब्रुवारीत आला होता. बावीस वर्षांचा, खांद्याने रुंद, बोलायला गोड. लोकांच्या घरापुढची हिरवळ राखायचा धंदा काढायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने नाव सांगितलं तेव्हा तिने आडनाव पुन्हा विचारलं. मग बाकीच्या सगळ्यांना बुधवारी बोलावलं आणि मंगळवार त्याच्यासाठी मोकळा ठेवला.

तिने त्याला एकही पायरी गाळू दिली नाही. 'प्रुइट लॉन केअर' हे नाव राज्यात आणखी कुणी घेतलेलं नाही ना, ते आधी पाहिलं. मग कंपनी नोंदवली. कराचा नंबर काढला. बँकेत कंपनीचं स्वतंत्र खातं उघडलं.

"कंपनी वेगळी, तू वेगळा," ती बजावायची. "त्या खात्यातून साधा बर्गर जरी खाल्लास, तर पुढच्या मंगळवारी इथे येऊ नकोस."

"आणि फार भूक लागली तर?"

"घरून डबा आण."

तणनाशक फवारायलाही परवाना लागतो, हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला होता. परवाना मिळेपर्यंत नुसतं कापायचं, असं ठरलं. एवढं सगळं त्याने ऐकलं होतं. घोडं अडलं ते विम्यापाशी.

"तुम्हीच म्हणालात ना, कंपनी वेगळी आणि मी वेगळा?" तो म्हणाला. "मग कुणी दावा केला तर कंपनीवर करेल. माझं काय जातं?"

"यंत्र कोण चालवणार? कंपनी?"

त्याने टोपीचा काठ खाली ओढला.

"तुझ्या हातून कुणाला इजा झाली, तर दावा तुझ्यावरही येतो. तिथे कंपनीची ढाल पुरत नाही. विमा लागतोच."

वेस्टनने टोपी काढून टेबलावर ठेवली. "माझ्या बाबांकडे यातलं काहीच नव्हतं," तो म्हणाला. "विमा नाही, कंपनी नाही. यंत्र गाडीत टाकायचं आणि निघायचं. मी लहान होतो तेव्हा. एकदा पात्याखालून दगड उडाला आणि समोरच्या घरातल्या मुलाला लागला. त्या लोकांनी कोर्टात खेचलं. आमचं घर गेलं. मग बाबा केंटकीत ट्रक चालवायला लागले. पुन्हा कधी आपल्या दारातलंसुद्धा गवत कापलं नाही त्यांनी. तिकडेच वारले ते."

आर्डिथ खिडकीबाहेर पाहत होती. पार्किंगच्या कडेला राखाडी बर्फाचा ढीग अजून वितळायचा होता.

"ते गेल्याचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत असणार?"

तिने टेबलावरचे कागद गोळा करायला घेतले. त्यानेच विचारलं, "तुमच्याही घरात असं काही झालं होतं का, बाई? विम्याचं नाव काढलं की तुमचा आवाज बदलतो."

"आमचं घर राहिलं," ती म्हणाली. "नवरा म्हणत होता, इतकं ताणू नकोस. ऐकायला हवं होतं. पुढे तोही सोडून गेला." तिने कोट उचलला. "चल. एजंटचं ऑफिस पाचला बंद होतं."

एजंटसमोर ती वकिलासारखी भांडली. दगड उडून लागला तर, काच फुटली तर, रस्त्याने जाणाऱ्याला इजा झाली तर, असं एकेक विचारत राहिली. शेवटी एजंट हसून म्हणाला, "आजी, नातवाची फारच काळजी दिसते." तिने ते खोडून काढलं नाही. वेस्टनने जुन्या यंत्राचा नाद सोडला, ढकलून चालवायचं साधं घेतलं आणि उरलेल्यातून विम्याचा पहिला हप्ता भरला.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी तो नवा शर्ट घालून आला. खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं होतं. सात गिऱ्हाइकं मिळाली होती.

"आता माझं काम संपलं," आर्डिथ म्हणाली. "यापुढे यायची गरज नाही."

"असं कसं? आई आलीय बाहेर. तुमच्यासाठी चेरी-पाय भाजून आणलाय तिने. मी तिला नुसतं 'लायब्ररीतल्या बाई' एवढंच सांगतो ना, तर म्हणाली, मला भेटायचंच आहे."

"आज नको, वेस्टन. मला निघायचंय." ती उठलीच. पण कोटाची बाही काही केल्या तिला सापडेना.

तेवढ्यात कपाटाला वळसा घालून एक बारीक बाई आली. हातात फडक्याने झाकलेली थाळी, ओठांवर तयार ठेवलेलं हसू. "तुमचे उपकार कसे—" ती म्हणाली, आणि थांबली. आर्डिथच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वेस्टन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागला.

आईने थाळी हळूच टेबलावर ठेवली. फडकं नीट केलं.

"तेव्हा विचारायला आले होते, पण तुम्ही दार उघडलं नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या मुलाचा डोळा वाचला का हो?"