दुसरा अर्ज

तालुकाध्यक्षानं अंगाला हात लावल्याची तक्रार घेऊन पक्षाची कार्यकर्ती दैवशाला घनसावंगीहून चौथ्यांदा जिल्हा कार्यालयात आली. महिला आघाडीच्या प्रमुख गोजरताईंनी या खेपेलाही अर्ज परत सरकवला.

"माघार घे, पोरी. पक्ष त्याला काढणार न्हाई, तुलाच काढंल."

"घरात कुणी खरं मानंना. इथूनबी हाकललं तर कुठं जाऊ, ताई?"

गोजरताईंनी मान खाली घातली. "मीबी असाच अर्ज दिल्ता. त्याच माणसावर. मागं घेतला, तवा ही खुर्ची मिळाली."

दैवशालाला रडू फुटलं. रडत रडतच तिनं कोरा कागद त्यांच्यापुढं ठेवला. "मंग तुमचाबी लिहा."

गोजरताईंनी कागद जवळ ओढला, पेन उचललं. अकरा वर्षं झाली होती, पण त्या दिवसाची तारीख त्यांना आठवावी लागली नाही.